कर सल्लागार व्हायचंय? नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

दर वर्षी बी.कॉम.चे निकाल लागले की इतवारीतल्या आमच्या छोट्या ऑफिसात पोरं-पोरी येतात. कोणी एकटं येतं, कोणी वडिलांना घेऊन. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. मी सीए नाही, जीएसटी प्रॅक्टिशनर आहे, म्हणजे सरकारकडे नोंद करून व्यापाऱ्यांची जीएसटीची रिटर्नं भरून देणारा. विक्रीकराच्या काळापासून हेच काम करतो आणि मला ते मनापासून आवडतं.

कर सल्लागार म्हणजे सीएच ना?

नाही. सीए कर सल्लागार असू शकतो, पण प्रत्येक कर सल्लागार सीए नसतो. वकील, कॉस्ट अकाउंटंट (सीएमए), कंपनी सेक्रेटरी (सीएस), जीएसटी प्रॅक्टिशनर, आयकर प्रॅक्टिशनर हे सगळे आपापल्या मर्यादेत करदात्याचं काम करू शकतात. सीए फायनल दोनदा-तीनदा राहिली म्हणून खचलेली मुलं माझ्याकडे येतात, त्यांना मी पहिल्यांदा हेच सांगतो. दुसरी वाट आहे, ती कायद्याने दिलेली आहे, आणि त्या वाटेवर सचोटीने चालणाऱ्याला इतवारी-गांधीबागेत मान मिळतो.

जीएसटी प्रॅक्टिशनर व्हायला काय शिक्षण लागतं?

केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम ४८ आणि नियम ८३ वाचा, सगळं तिथे आहे. भारताचं नागरिकत्व हवं, मानसिक स्थिती ठीक हवी, दिवाळखोर जाहीर झालेलं नसावं आणि दोन वर्षं किंवा त्याहून जास्त कैदेची शिक्षा झालेली नसावी. त्यापुढे शिक्षणाची अट येते. वाणिज्य, विधी, बँकिंग, बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन किंवा बिझनेस मॅनेजमेंट यातली पदवी अथवा पदव्युत्तर पदवी चालते. सीए, सीएमए किंवा सीएसची अंतिम परीक्षा पास असली तरी चालतं. जीएसटीच्या आधीच्या कायद्याखाली किमान पाच वर्षं विक्रीकर प्रॅक्टिशनर किंवा टॅक्स रिटर्न प्रिपेअरर म्हणून नोंद असलेल्यांना, आणि कर खात्यातून निवृत्त झालेल्या, गट ब राजपत्रित किंवा त्यावरच्या पदावर किमान दोन वर्षं काम केलेल्या अधिकाऱ्यांनाही दार उघडं आहे.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाची साधी बी.कॉम. पुरते. डिस्टिंक्शनची अट कुठेही नाही.

मी बी.ए. आहे, बी.एस्सी. आहे. मला नाही करता येणार का?

थेट नाही. एलएल.बी. करा किंवा एम.बी.ए., म्हणजे पात्र व्हाल. मराठी साहित्यात बी.ए. करून नंतर कायद्याची पदवी घेतलेल्या एक ताई आहेत. नोटिशीला त्या इतकं नेटकं उत्तर लिहितात की अधिकारी पहिल्या वाचनात मुद्दा समजतो. भाषेचं शिक्षण या धंद्यात वाया जात नाही.

नोंदणी कशी करायची? एजंट आठ-दहा हजार मागतो आहे.

एक रुपयाही देऊ नका. नोंदणीला सरकारी फी नाही आणि हे काम घरबसल्या होतं.

जीएसटी पोर्टलवर नव्या नोंदणीत जायचं आणि ‘मी कोण’ या ठिकाणी करदात्याऐवजी जीएसटी प्रॅक्टिशनर निवडायचं. पॅन, मोबाइल आणि ई-मेल टाकला की ओटीपी येतात, मग तात्पुरता क्रमांक मिळतो. त्या क्रमांकावर अर्ज १५ दिवस जपून राहतो, त्या आत पुरा करायचा. या अर्जाला पीसीटी-०१ म्हणतात. पदवीचं प्रमाणपत्र, फोटो, व्यवसायाच्या पत्त्याचा पुरावा जोडायचा आणि केंद्र की राज्य यापैकी कोणत्या अधिकाऱ्याकडे नोंद हवी ते सांगायचं. मंजुरी मिळाली की पीसीटी-०२ हे प्रमाणपत्र येतं.

अर्ज अडतो तो बहुतेक नावावरून. पदवीवर आधी आडनाव, पॅनवर शेवटी. लग्नानंतर आधारवर नाव बदललेलं, पदवीवर जुनंच. अर्ज करण्याआधी तिन्ही कागद शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहा.

एकदा महाराष्ट्रात नोंद झाली की इतर राज्यांतही ती धरली जाते. नागपूरकरासाठी ही मोठी सोय आहे. आपल्या व्यापाऱ्याचं दुसरं दुकान छिंदवाड्याला किंवा रायपूरला असतंच.

परीक्षा असते का?

नियमात आहे. नोंदणी टिकवायची तर जाहीर झालेली परीक्षा पास व्हावी लागते, आणि ती घेण्याचं काम नासीन या केंद्रीय अकादमीकडे दिलेलं आहे. जुन्या विक्रीकर कायद्यातून आलेल्या प्रॅक्टिशनरांसाठी पहिली परीक्षा ३१ ऑक्टोबर २०१८ ला झाली. स्वरूप असं: संगणकावर १०० बहुपर्यायी प्रश्न, २०० गुण, अडीच तास, पास व्हायला १०० गुण, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. भाषा इंग्रजी आणि हिंदी.

पदवीच्या जोरावर नोंद झालेल्यांनीही नियमातली ही अट लक्षात ठेवावी आणि पोर्टलवरच्या सूचनांवर नजर ठेवावी. माझं म्हणणं असं की परीक्षा जाहीर होवो न होवो, तो अभ्यास करूनच टाका. केंद्राचा कायदा, आंतरराज्य व्यवहाराचा कायदा, नियम, अधिसूचना हे एकदा मुळातून वाचलं की पुढची दहा वर्षं सोपी जातात. गाइडवरून शिकलेल्याला दर पाठ असतात, पण तो दर का लागला हे विचारलं की गाडी अडते.

आणि आयकराचं काय?

ती वेगळी नोंद आहे. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम २८८ मध्ये करदात्यातर्फे कोण हजर राहू शकतो ते सांगितलं होतं, आणि नियमांनुसार वाणिज्य किंवा विधी शाखेचा पदवीधर आयकर प्रॅक्टिशनर होऊ शकत असे. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू होतो. ५३६ कलमं, १६ अनुसूची. ‘मागील वर्ष’ आणि ‘निर्धारण वर्ष’ ही जोडी जाऊन एकच ‘कर वर्ष’. कलमांचे क्रमांक बदलल्याने जुन्या लोकांची धांदल आहे, पण नव्या मुलांसाठी मला ही संधी वाटते. पन्नास वर्षांचा अनुभव असलेला माणूस आणि तुम्ही, दोघंही नवा कायदा पहिल्या पानापासून वाचायला बसणार.

नागपुरातली एक गोष्ट मुद्दाम सांगतो. देशभरातून निवडले गेलेले आयकर अधिकारी प्रशिक्षण घेतात ते आपल्याच छिंदवाडा रोडवरच्या राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमीत. आयकर अपिलीय न्यायाधिकरणाचं खंडपीठ इथे आहे, मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठही इथेच. कर शिकायला पुण्या-मुंबईला गेलंच पाहिजे असं नाही.

‘प्रोफेशनल टॅक्स’ म्हणजे हेच कर सल्ल्याचं काम का?

नाही, पण हा गोंधळ फार होतो. प्रोफेशनल टॅक्स म्हणजे व्यवसाय कर, राज्याच्या १९७५ च्या कायद्याखालचा. नोकरदाराच्या पगारातून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापतात, तो. महिलांना महिना २५,००० पर्यंतच्या पगारावर तो लागत नाही. तुम्ही कर सल्लागार म्हणून बसलात की तुम्हालाही वर्षाला २,५०० रुपये भरावे लागतात, ३० जूनच्या आत. दुसऱ्याची रिटर्नं वेळेवर टाकणाऱ्यांपैकी बरेच जण स्वतःचा हाच कर विसरतात.

प्रॅक्टिशनर म्हणून काय करता येतं आणि काय नाही?

रिटर्न टाकणं, कॅश लेजरमध्ये (पोर्टलवरच्या कर खात्यात) पैसे भरण्याचं चलान, परताव्याचा अर्ज, नोंदणीत बदल किंवा ती रद्द करण्याचा अर्ज, ई-वे बिलाची (माल नेतानाच्या कागदाची) माहिती, कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यापाऱ्याने उलाढालीवर ठरावीक टक्का कर भरण्याच्या) जाणं-येणं, एवढं नियम ८३ देतो. यातल्या परतावा, नोंदणी आणि कंपोझिशनच्या अर्जांना पार्टीची, म्हणजे ज्याचं काम आपण करतो त्या व्यापाऱ्याची, पोर्टलवर संमती लागते. कलम ११६ नुसार अधिकाऱ्यापुढे आणि अपिलातही बाजू मांडता येते.

आयकराचं टॅक्स ऑडिट आणि कंपनीचं वैधानिक ऑडिट मात्र सीएचंच. मागच्या दाराने कोणाची तरी सही आणून ते करू नका. ओळखीचा एक चांगला सीए असू द्या, काम सरळ त्याच्याकडे पाठवा. तोही तुमच्याकडे कामं पाठवेल.

काम शिकायचं कुठे?

याचं उत्तर लांब आहे, कारण बाकी सगळं यावर अवलंबून आहे.

प्रमाणपत्र काही दिवसांत हातात येतं. पण बिल वाचता येत नसेल तर त्याचा उपयोग नाही. मी नव्या मुलाला पहिला महिना पोर्टलला हात लावू देत नाही. खरेदीच्या बिलांची पिशवी देतो आणि गठ्ठे करायला सांगतो.

जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे, पुढचे दहा म्हणजे पॅन. २७ म्हणजे महाराष्ट्र. २२ छत्तीसगड, २३ मध्य प्रदेश, २४ गुजरात. नागपूरच्या व्यापाऱ्याच्या पिशवीत ही चारही निघतात: रायपूरचं लोखंड, इंदूरचा माल, सुरतेची साडी. २७ चा गठ्ठा वेगळा, त्यात केंद्र आणि राज्याचा कर अर्धा-अर्धा. बाकीच्यांचा गठ्ठा वेगळा, त्यात आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य व्यवहारावरचा कर. बिलावर क्रमांकच नाही, असा तिसरा गठ्ठा. तो हातात आला की पार्टीशी बोलायला लागतं.

मग मालाकडे बघायचं. कळमन्याच्या मार्केटमधून येणारी बिलं उघडली की खोलीभर तिखटाचा खकाणा पसरतो. हिरवी मिरची करमुक्त आहे. तीच वाळली की ५ टक्के. ताजं संत्रं करमुक्त, संत्रा बर्फी ५ टक्के. कापसाचं तर आणखी वेगळं. शेतकऱ्याला नोंदणी नाही, म्हणून जिनिंगवाला त्याच्याकडून कापूस घेतो तेव्हा कर जिनिंगवाल्याने स्वतः भरायचा, उलट्या पद्धतीने. तेंदूपत्त्यालाही तसंच. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडची पार्टी आली तर हे तुम्हाला माहीत असलंच पाहिजे. मुंबईत छापलेल्या पुस्तकात यावर दोन ओळी असतात. आपल्याकडे त्या दोन ओळींवर कोणाचं तरी अख्खं घर चालतं.

दर बदलतात हेही लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ ला १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळपास सगळ्या मालासाठी रद्द झाले आणि बहुतेक माल ५ किंवा १८ मध्ये आला. तेंदूपत्ता १८ वरून ५ वर आला. त्या आठवड्यात आमच्याकडे दुकानदारांची रीघ लागली होती. प्रत्येकाचा प्रश्न एकच: जुना माल गोदामात पडला आहे, आता बिल कोणत्या दराने काढू?

तर काम शिकायचं कुठे, याचं उत्तर असं: किमान एक वर्ष एखाद्या चांगल्या सल्लागाराकडे किंवा सीएच्या ऑफिसात बसा. पगार कमी असेल. महिन्याची २० तारीख, म्हणजे रिटर्नची शेवटची तारीख, तिथे बारा वेळा बघा.

महिन्याच्या तारखा कोणत्या?

११ ला विक्रीच्या बिलांचं रिटर्न, आर-१. १४ ला पोर्टलवर २-बी तयार होतं, म्हणजे तुमच्या पार्टीला कोणत्या विक्रेत्याने क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) दाखवलं त्याची यादी. २० ला ३-बी, म्हणजे महिन्याच्या हिशेबाचं रिटर्न, आणि कर. तिमाही योजनेतल्यांचं आर-१ तिमाहीनंतरच्या १३ ला, आणि महाराष्ट्रात ३-बी २२ ला. कंपोझिशनवाल्यांचं तिमाहीचं चलान १८ ला. वार्षिक रिटर्न ३१ डिसेंबर.

१४ ते २० हे सहा दिवस खरे कामाचे. २-बी आणि खरेदी वही जुळवायची आणि न जुळलेल्या विक्रेत्याला पार्टीकडून फोन करवायचा. हे सहा दिवस जो वाया घालवतो तो २० च्या रात्री पोर्टल फिरत बसतं म्हणून ओरडतो.

माझ्या हातून चूक झाली तर जबाबदार कोण?

कलम ४८ स्पष्ट आहे: रिटर्नमधल्या माहितीची जबाबदारी करदात्याचीच राहते. पण कायद्यातलं हे वाक्य पार्टीला तोंडावर वाचून दाखवू नका. त्याने तुमच्यावर विश्वास टाकलेला असतो.

माझं सांगतो. जीएसटी नवीन होतं. गांधीबागेतल्या एका कापड व्यापाऱ्याची बिलं भरताना स्थानिक बिलांच्या ओघात सुरतेच्या बिलांचंही क्रेडिट मी अर्धं केंद्र, अर्धं राज्य असं टाकलं. ते आयजीएसटीत जायला हवं होतं. तीन महिने लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते क्रमांकाचे पहिले दोन अंक पाहून, २४. त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी दुकान उघडायच्या आधी जाऊन शटरजवळ उभा राहिलो. “भाऊ, माझ्याकडून चुकलं,” म्हणालो, आणि काय चुकलं, कसं दुरुस्त होईल, व्याज किती लागेल ते कागदावर लिहून दाखवलं. चुकीचं क्रेडिट पुढच्या रिटर्नमध्ये उलटवलं, बरोबर ठिकाणी घेतलं. व्याज माझ्या खिशातून भरलं. शेठजी दहा मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “दुसऱ्यानं सांगतलं असतं तर काम काढून घेतलं असतं. तू सांगतलं, म्हणून ठेव.” आज त्यांचा मुलगा दुकान बघतो, काम अजून माझ्याकडे आहे. तीन गठ्ठ्यांची पद्धत त्या चुकीतून आली.

चूक आणि गैरप्रकार यात मात्र फरक आहे. गैरवर्तन केलं तर खातं नोटीस देऊन तुमची नोंदणी काढून घेऊ शकतं. त्यावर ३० दिवसांत आयुक्तांकडे अपील करता येतं. आणि माल न देता नुसती बिलं विकणाऱ्याने कमिशन देऊ केलं तर त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवा. कलम १३२ खाली तुरुंगवास आहे. हुशार मुलं या एका मोहात बुडालेली मी पाहिली आहेत, त्यांच्या आई-वडिलांचे चेहरेही पाहिले आहेत.

पार्टीचा पासवर्ड आपल्याकडे ठेवायचा का?

सगळे ठेवतात, आणि ते बरोबर नाही. कायद्याने दिलेला मार्ग पीसीटी-०५ चा आहे. करदाता स्वतःच्या लॉगिनमधून तुम्हाला प्रॅक्टिशनर म्हणून नेमतो, मग तुम्ही तुमच्या लॉगिनमधून काम करता. काम सुटलं की तो तुम्हाला काढू शकतो. कोणी काय केलं याची नोंद राहते.

नोंदणीत मोबाइल आणि ई-मेलही पार्टीचाच असू द्या. सल्लागाराचा नंबर टाकून ठेवलेला असतो, पुढे भांडण होतं किंवा सल्लागार वारतो, आणि दुकानदाराला स्वतःच्याच खात्यात शिरता येत नाही. अशा दोन विधवा बहिणींच्या दुकानाचा नंबर बदलायला आम्हाला अनेक खेपा घालाव्या लागल्या होत्या.

नोटीस आली तर काय करायचं?

आधी कोणती ते बघा. एएसएमटी-१० म्हणजे रिटर्नमधल्या फरकाबद्दल विचारणा, उत्तराला जास्तीत जास्त ३० दिवस. डीआरसी-०१बी म्हणजे आर-१ मध्ये कर जास्त दाखवला आणि ३-बीत कमी भरला. तिथे ७ दिवसच. नोंदणी रद्द करण्याची नोटीस आली तर ७ कामाचे दिवस. दर सोमवारी प्रत्येक पार्टीचं नोटिशीचं पान उघडून बघण्याची सवय लावा, कारण नोटीस पोर्टलवर पडली की दिवस मोजायला सुरुवात होते. दुकानदार ई-मेल बघत नाही.

उत्तर लिहिताना रागावू नका. तक्ता जोडा, बिलांच्या प्रती जोडा, मुद्दा पहिल्या परिच्छेदात सांगा. सिव्हिल लाइन्समधल्या कार्यालयात सुनावणीला जाताना अधिकारपत्र आणि फाइलचा दुसरा संच सोबत असू द्या.

फी किती घ्यायची?

बिलांच्या संख्येवरून आणि दर महिन्याला लागणाऱ्या तासांवरून ठरवा, आणि सुरुवातीलाच कागदावर लिहून द्या. नवी मुलं शेजारच्यापेक्षा शंभर रुपये कमी सांगून पार्टी ओढतात. मग तेवढ्या पैशांत जुळवणी परवडत नाही, ती सोडली जाते, आणि दोन वर्षांनी नोटीस येते. परताव्याच्या रकमेत टक्का मागू नका. कराचे पैसे कधीही स्वतःच्या खात्यावर घेऊ नका, चलान काढून द्या, भरू दे त्यालाच.

घर सांभाळून हे काम करता येईल का?

येईल, आणि चांगलं येईल. आमच्याकडे शिकलेल्या दोघी जणी महालात आणि मानेवाड्याला घरून काम करतात. पंधरा-वीस छोटे दुकानदार, एखादं सावजी हॉटेल, दोन-तीन बुटीक. सावजीचं उदाहरण शिकायलाही चांगलं आहे: जेवणावर ५ टक्के, पण खरेदीचं क्रेडिट मिळत नाही. मालकाला हे पटवून सांगता आलं की समजा, तुम्हाला विषय कळला.

घरचा पत्ता व्यवसायाचा पत्ता म्हणून देता येतो. १४ ते २० या तारखांना घरच्यांनी साथ द्यायला हवी, एवढं आधी बोलून घ्या.

पहिली पार्टी कशी मिळते?

बहुतेकांना ओळखीतूनच. मामाचं किराणा दुकान, मित्राचं मोबाइलचं दुकान, वाडीतला एखादा ट्रान्सपोर्टवाला. त्यांच्या मागच्या एका वर्षाची २-बी आणि खरेदी वही फुकट जुळवून द्या. राहून गेलेलं क्रेडिट बहुतेक वेळा सापडतंच, आणि त्या वर्षाचं क्रेडिट पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच घेता येतं. म्हणून हे काम दिवाळीच्या आधी करा. दिवाळीत दुकानदाराला तुमच्याशी बोलायला वेळ नसतो.